व्रण कोणत्या गालावर

चित्रकारांना स्वतःबद्दल बोलायला लावलं की ते हमखास खोटं बोलतात. मुद्दाम नाही बोलत बिचारे. पण तीच गोष्ट दहा ठिकाणी सांगून सांगून तिच्या कडा झिजतात, ती गुळगुळीत होते, आणि शेवटी सांगणाऱ्यालाही खरी वाटायला लागते. छापेवालीची गोष्टही अशीच गुळगुळीत झालेली होती, आणि तिचं त्यावर बरं चाललं होतं.

छापेवाली हे तिला गॅरेजात पडलेलं नाव. एका बंद पडलेल्या गॅरेजात तिघं मिळून काम करायचे. एक रंगारी, म्हणजे जमिनीवर कॅनव्हास पसरून त्यावर रंग ओतणारा. एक तारकाका, जो तारा वाकवून त्यांची माणसं करायचा. आणि ही. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून चित्र काढायचं, ओरखड्यांत शाई भरायची, वरची शाई तळहाताने पुसून घ्यायची, ओला कागद ठेवून पत्रा रुळाखालून फिरवायचा आणि कागद अलगद उचलायचा, हा तिचा धंदा. तिची नखं कायम काळी असत. तिची वहिनी म्हणायची, हिच्या हातचा चहा नुसता बघूनच पोट भरतं.

रंगारी प्रत्येक मुलाखतीत सांगे की लहानपणी भिंती रंगवणारी माणसं बघून त्याला रंगाचं वेड लागलं. त्याचे वडील दातांचे डॉक्टर होते आणि त्यांच्या घराच्या भिंती कायम पांढऱ्या. तारकाका दर वेळी नवी गोष्ट सांगे; खोटं बोलायचंच तर निदान स्वतःला कंटाळा येऊ नये, असं त्याचं म्हणणं. छापेवालीची गोष्ट मात्र एकच. "माझी प्रेरणा म्हणजे माझ्या आईचे हात."

यात खोटं काहीच नव्हतं, फक्त निम्मं गाळलेलं होतं. आई घरी कपडे शिवायची. छापेवालीने वर्षानुवर्षं आईचे हात काढले. सुई ओवताना, कापड कापताना, टाचण्या तोंडातून काढून गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावताना. त्या हातांवर तिचं नाव झालं. हातांना चेहरा का नाही यावर जाणकारांनी लेख लिहिले. एकाने लिहिलं की चेहरा नाकारून ही चित्रकर्ती श्रमाला अनाम ठेवते. छापेवालीने तो लेख जपून ठेवला आणि पुढे तीच वाक्यं स्वतः बोलायला लागली. खरं कारण एवढंच होतं की आई म्हणायची, "हात काढ काय काढायचे ते, तोंड काढायचं नाही."

आईच्या डाव्या गालावर एक व्रण होता, भुवईपासून खाली गालाच्या मध्यापर्यंत. लहानपणी खिडकीच्या काचेवर पडल्याचा. घरात आईचा धड असा एकही फोटो नव्हता. दादाच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती कुणाच्या तरी खांद्याआड होती. जुन्या फोटोंतून तिने स्वतःला कात्रीने कापून काढलं होतं, अगदी सफाईने, कापड बेतावं तसं. वडिलांच्या शेजारी नुसती आईच्या आकाराची भोकं. आईला व्रणाची लाज वाटते, हे घरात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. दादाने मोबाईल घेतला तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी आपल्या बायकोला बजावलं, "आईचा फोटो तेवढा काढू नकोस."

मग आईचे हात थरथरायला लागले. शिवणाचं मशीन एका चादरीखाली गेलं. छापेवाली नव्या प्रदर्शनासाठी हात काढायला म्हणून घरी गेली, तर आई शिवणाच्या खोलीत खिडकीशी बसली होती, हात मांडीवर, आणि हात मांडीवरही स्वस्थ नव्हते.

"यांचं आता काय काढणार?" आई म्हणाली. "मला पण बघवत नाहीत."

छापेवाली पिशवी चाचपायला लागली. तिला रडू आलं होतं आणि आईसमोर रडायची तिला सवय नव्हती.

"तोंड काढ," आई म्हणाली.

"काय?"

"तोंड काढ म्हटलं. एवढी वर्षं मागे लागली होतीस ना. पण एक सांगते. काढल्यावर मी बघणार. ती मी नसेन तर लावायचं नाही कुठे. कबूल?"

छापेवालीने कबूल म्हणून टाकलं. दुसरं काय म्हणणार? पिशवीत पत्रा होता, सुई होती. कच्चं चित्र आधी कागदावर काढावं, मग ते पत्र्यावर उतरवावं, हे तिला माहीत होतं. पण आईचा विचार बदलला तर? तिने तसाच पत्रा मांडीवर घेतला आणि थेट आईकडे बघून ओरखडायला लागली. आई खोलीतल्या उंच आरशाकडे तोंड करून बसली होती. त्याच आरशासमोर गिऱ्हाइकं उभी राहून मागून पुढून स्वतःला बघायची आणि त्यांच्या मागे, तोंडात टाचण्या धरून, आई उभी असायची. संध्याकाळ व्हायच्या आत पत्रा पुरा झाला. इतकं चांगलं काम छापेवालीच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं आणि तिला ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात तिने पहिला छापा काढला. कागद उचलला आणि ती तशीच उभी राहिली.

रंगारी पलीकडून आला. "वा. कोण ही?"

"आई."

"तुझी? मी पाहिलंय की त्यांना." त्याने मान तिरकी केली. "काहीतरी गडबड आहे."

गडबड काय होती ते तिला कागद उचलता उचलताच दिसलं होतं. व्रण उजव्या गालावर होता. भांग भलत्या बाजूला होता. किंचित झुकलेली डावी पापणी उजवी झाली होती. पत्र्यावर जे सुलट काढावं ते कागदावर उलटं उतरतं. म्हणून पत्र्यावर सगळं उलटं काढायचं असतं. हे छापखान्यातल्या कुणालाही पहिल्या आठवड्यात कळतं. हातांच्या चित्रांत तिला कधी त्याची फिकीर पडली नव्हती, डावा हात उजवा झाला म्हणून हात काही परका होत नाही. चेहऱ्याचं तसं नसतं, हे ती घाईत साफ विसरली.

तारकाकाने छापा बघितला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "करायला गेलीस आई अन् झाली मावशी."

दोघं हसले. छापेवालीही हसली, तेवढ्यापुरती. आईने आयुष्यात एकदा तोंड पुढे केलं आणि हिने ते उलटं छापलं. आता हे आईला कुठल्या तोंडाने दाखवायचं?

त्यातून संध्याकाळी दादा प्रदर्शनातल्या चित्रांच्या चौकटी पोचवायला आला. त्याने दोरीवर चिमट्यांनी टांगलेला छापा पाहिला. बराच वेळ पाहिला. "छान आहे गं," तो म्हणाला, "पण आई नाही ही. आईसारखी आहे कुणीतरी."

झालं. दादा कधी चित्राबद्दल चकार शब्द काढत नसे. त्याने काढला म्हणजे निकाल लागला. छापेवालीने तो उलटा चेहराच जसाच्या तसा रेखाटून घेतला, नवा पत्रा घेतला आणि या वेळी रीतसर, एकेक रेघ तपासत, पुन्हा चेहरा काढला. नव्या छाप्यात सगळं जागच्या जागी होतं. व्रण डावीकडे, पापणी डावीकडे. दादाला दाखवलं तर त्याचा आवाजच बदलला. "हां. ही आई." रंगारीनेही मान डोलावली.

मग तिने जुना पत्रा घेतला आणि जाड सुईने त्याच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोठी फुली ओढली. त्यांच्या धंद्यातली ही रीत. ज्या पत्र्याचं काम संपलं त्याच्यावरून पुन्हा कुणी छापे काढू नयेत म्हणून तो असा मोडायचा. खरं तर एवढी घाई नव्हती. पण तिला तो पत्रा डोळ्यांसमोर नको झाला होता. चेहऱ्यावरून फुली ओढताना हात जरा अडखळला, तरी तिने ती ओढलीच.

आईला दाखवायला जाताना तिने नवा छापा पुठ्ठ्यांत ठेवला. कागद पातळ, वाकू नये म्हणून खाली आधाराला तो चुकलेला पहिला छापा घातला. टाकायचाच होता, तेवढ्यापुरता उपयोग.

आईने चष्मा पुसला, लावला. छापा दोन्ही हातांत धरता येईना, तर शिवणाच्या खोलीतल्या टेबलावर ठेवायला सांगितला. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. दादा दारात उभा राहिला.

"ही बाई होय," आई म्हणाली.

"कोण बाई?"

"ही. फोटोत येते ती." आईने चष्मा काढला. "मला वाटलं तू हाताने काढतेस तर वेगळं येईल. ही मी नाही. नको लावूस."

दादा पुढे झाला. "आई, अगं, असं काय करतेस? हुबेहूब तू आहेस. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"तुला वाटते मी. मला नाही वाटत. तिचं माझं ठरलंय, तू मध्ये बोलू नकोस."

छापेवालीच्या मनात आलं ते असं: आईला व्रण बघवत नाही, आणि मी तो एवढा नीट काढून तिच्यापुढे ठेवला. तिला स्वतःचा राग आला. प्रदर्शनाच्या दालनात मधली मोठी भिंत या चित्रासाठी राखून ठेवलेली होती. ती भिंत गेली याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला. पण त्याहून आपण आईला दुखावलं याचं वाटलं. तिने मुकाट्याने छापा उचलला, आणि खालचा वर आला.

"हे काय?" आईने पुन्हा चष्मा लावला. "थांब. उचलू नकोस."

"ते चुकलेलं आहे, आई. उलटं आलंय."

आई वाकली. थरथरत्या बोटाने तिने कागदावरच्या गालाला, शाईला न लागता, वरूनच हात फिरवल्यासारखं केलं. मग ती हसली. फार नाही, टाचण्या तोंडात असताना हसायची तेवढंच.

"ही मी," ती म्हणाली.

कुणालाच काही उमजेना. वहिनीने दादाकडे बघितलं, दादाने बहिणीकडे. आधी उमजलं ते छापेवालीला. तिने मान वळवली आणि त्या उंच आरशात बघितलं. आरशात आई बसली होती, व्रण त्या बाजूला, भांग त्या बाजूला, पापणी त्या बाजूला. जशी छाप्यात तशीच. छापेवालीने आईला लहानपणापासून बघितलं होतं, पण समोरून. आरशातल्या आईकडे तिने कधी धड पाहिलंच नव्हतं. आणि आईने दुसऱ्या कुठल्या आईला पाहिलं नव्हतं.

"पहिला फोटो काढला तेव्हाच मी फोटोवाल्याला म्हटलं," आई सांगत होती, "ही कोण आणून बसवलीस माझ्या जागी? तो हसला. म्हणाला, तुम्ही अशाच दिसता. मग मी फोटोच बंद केले. कोण कुठली बाई, तिला ह्यांच्या शेजारी कशाला ठेवायची?"

"म्हणून कापायचीस?" दादाने विचारलं.

"मग?"

"आम्हाला वाटायचं, तुला व्रणाची लाज वाटते."

"लाज कसली?" आईला खरोखर नवल वाटलं. "पडले, लागलं. ढकललं तुझ्या मावशीने. लाज वाटायची तर तिला वाटू दे."

"आई, आरसा उलटं दाखवतो," छापेवाली हळूच म्हणाली.

"ते मला शिकवू नकोस. आयुष्य गेलं आरशापुढे. कळतं गं मला. पण रोज सकाळी जिचे केस विंचरते ती ही आहे. दुसरीला मी ओळखत नाही, त्याला मी काय करू?" आईने छाप्याकडे पुन्हा पाहिलं. "हे लाव. आणि असाच एक मावशीसाठी छाप, एक इथे राहू दे माझ्याकडे."

तेव्हा छापेवालीला सांगावं लागलं की पत्रा मोडला. आता असे छापे निघायचे नाहीत, हा एकच.

"पुसता येत नाही ती फुली?"

"तांबं आहे, आई."

"बरं," आई एवढंच म्हणाली. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं छापेवालीला वाटलं. जी आई आईला सापडायला एवढी वर्षं लागली, तिच्यावर मुलीने आपल्या हाताने फुली मारली होती, का, तर ती आपल्या ओळखीची दिसत नव्हती म्हणून. घरी परत जाताना ती सगळी वाट हेच घोकत राहिली.

प्रदर्शनात मधल्या भिंतीवर तो एकच छापा लागला. दालन चालवणाऱ्या बाईंनी नाराजी दाखवली. सुलट छापा त्यांना जास्त आवडला होता आणि त्याच्या प्रतीही निघण्यासारख्या होत्या. छापेवालीने सांगितलं, घरच्या माणसाची परवानगी याच छाप्याला आहे. बाई म्हणाल्या, "तुमची मर्जी."

उद्‌घाटनाच्या संध्याकाळी तिघा कलावंतांशी गप्पा असा कार्यक्रम होता. घडीच्या खुर्च्या, तीन माईक, पाण्याच्या तीन बाटल्या. प्रश्न विचारणारी तरुण मुलगी चांगली तयारी करून आली होती. रंगारीने भिंती रंगवणाऱ्या माणसांची गोष्ट सांगितली. ती नेहमीसारखी रंगली. तारकाकाने सांगितलं की त्याला पहिली तार एका पडक्या पिंजऱ्यात सापडली. ही गोष्ट त्याच्या सोबत्यांनीही पहिल्यांदाच ऐकली. मग मुलगी छापेवालीकडे वळली.

"तुम्ही इतकी वर्षं चेहरा नाकारलात. आता चेहरा आला, पण व्रणाची बाजू बदलून. ओळख आणि परकेपणा यांबद्दल तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

छापेवालीला उत्तर आयतं पुढ्यात आलं होतं. हो म्हटलं की काम झालं. तिसऱ्या रांगेत दादा, वहिनी आणि आई बसली होती. आई आयुष्यात पहिल्यांदा लेकीचं प्रदर्शन बघायला आली होती आणि हात पर्सखाली दाबून धरून ऐकत होती.

"चेहरा मी नाकारला नव्हता," छापेवाली म्हणाली. "आई काढू देत नव्हती. आणि बाजू मी बदलली नाही. पत्र्यावर उलटं काढायचं असतं, ते विसरले. शिकाऊ पोरंसुद्धा विसरत नाहीत. मी ते चित्र फेकणार होते. पत्रा तर मोडूनही टाकला. आईने ओळखलं म्हणून ते भिंतीवर आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढा हा विनय, असं कुणीतरी मागे पुटपुटलं. रंगारी माईक बाजूला करून तिच्या कानाशी म्हणाला, "झकास सांगितलंस. पुढच्या वेळीही हेच सांग." तिला कळलं की ही गोष्टही आता झिजायला लागणार. पण निदान सुरुवात खरी झाली होती.

कार्यक्रम संपल्यावर लोक पांगले. ओळखीचे दोघंतिघं मधल्या भिंतीपुढे उभे राहून आईकडे आणि छाप्याकडे आलटून पालटून बघत होते आणि सभ्यपणे गप्प बसत होते. आई त्यांच्यातून वाट काढत पुढे गेली आणि छाप्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, उभी राहिली. पर्स वहिनीकडे दिली.

"काढ," ती दादाला म्हणाली.

"काय?"

"फोटो काढ. सगळे काढतायत, तुला काय झालं?"

दादाने बहिणीकडे बघितलं. मग खिशातून मोबाईल काढला. फोटो त्याने दोनदा पुन्हा काढला. तो आईला दाखवायचा की नाही हे त्याला ठरवता येईना, तर आईनेच हात पुढे केला.

छोट्या चौकोनात दोघी शेजारी शेजारी होत्या. एकीचा व्रण या गालावर, दुसरीचा त्या. छापेवाली आईच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि आई आता काय म्हणेल, पुसून टाक म्हणेल, या धाकाने तिने ओठ घट्ट मिटले होते.

आईने चष्मा जरा खाली ओढला. आधी तिने छाप्यातल्या बाईवर बोट ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली.

मग बोट शेजारच्या, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, थकलेल्या, केस पिकलेल्या बाईवर आलं आणि तिथे बराच वेळ थांबलं. आई तिच्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तशी, पण या वेळी नीट, बघत राहिली.

"आणि ही तुमची आई," ती म्हणाली. "राहू दे तिला."

तिने मोबाईल दादाच्या हातात परत दिला आणि वहिनीकडून पर्स मागून घेतली.